दम धरणे : श्वास, वाक्य आणि ऐकणाऱ्याची नीती

१

दम्याच्या झटक्याची तीव्रता ठरवताना आधुनिक वैद्यक नाडीची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, जोराने सोडलेल्या उच्छ्वासाचा वेग अशा अनेक गोष्टी मोजते. या मापांच्या रांगेत एक माप भाषेचेही आहे. रुग्णाला एका श्वासात वाक्य पुरे करता येते काय, हे पाहिले जाते. पूर्ण वाक्यांवरून पदबंधांवर आणि पदबंधांवरून सुट्या शब्दांवर त्याचे बोलणे जसजसे उतरते, तसतशी झटक्याची तीव्रता चढत असल्याचे मानले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वास हा आजच्या दम्याला सर्वांत जवळचा. त्याच्या लक्षणांत रुग्णाला निजता येत नाही, बसल्याने बरे वाटते, ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी विकार बळावतो, या निरीक्षणांबरोबर रुग्ण मोठ्या कष्टाने बोलू शकतो, असेही नोंदले आहे. दोन अगदी भिन्न ज्ञानपरंपरांना या विकारात भाषेची दखल घ्यावीशी वाटली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे.

तिचे शारीरिक कारण उघड आहे. माणूस बोलतो तो उच्छ्वासावर. आत घेतलेली हवा बाहेर जाताना स्वरतंतूंना कंप देते, मुखात अडते, घासते आणि वर्ण होते. मराठी व्याकरणाने व्यंजनांची अल्पप्राण आणि महाप्राण अशी विभागणी केली, ती या हवेच्याच हिशेबाने. दम्यात श्वासनलिका सुजतात, आकसतात आणि चिकट कफाने भरतात, तेव्हा अडथळा मुख्यतः उच्छ्वासाला होतो. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून नवीला जागा मिळत नाही. छाती फुगलेली असते आणि तरीही माणूस हवेसाठी तडफडत असतो. याचा अर्थ असा, की ज्या उच्छ्वासावर भाषा उभी असते नेमका तोच या रोगाच्या तावडीत सापडतो. इतर पुष्कळ दुखण्यांत रोगी आपले दुखणे सांगू शकतो. दम्याच्या भरात सांगण्याचे साधनच दुखण्याच्या ताब्यात गेलेले असते.

यातून उद्भवणारा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, तो नीतीचा होतो. धाप लागलेल्या माणसाचे वाक्य मध्येच तुटते, तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावे? ते पुरे करून द्यावे, की थांबावे? हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या अनुभवावर कोणाचा अधिकार चालतो, हा जुना प्रश्नच त्यात दडलेला आहे. समीक्षाव्यवहारही दुसऱ्याची वाक्ये पुरी करण्याचाच व्यवहार असल्यामुळे त्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

२

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून तो एका ठिकाणी ठेवून पाहावा. संगमेश्वर तालुक्याचे ठाणे असलेले देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. मृगापासून हस्तापर्यंत येथे पाऊस कोसळत असतो. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, गोधड्या वाळत नाहीत, कपाटातल्या कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशीचा वास येतो. बुरशी आणि अंथरुणातल्या धुळीत वाढणारे अतिसूक्ष्म जीव ही दमा चाळवण्याची ओळखीची कारणे आहेत. पाऊस ओसरला की भातकापणी आणि झोडणी यांची धूळ येते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी दाढीची भाजावळ सुरू होते आणि कवळ, पातेरा, शेण जळत असल्याचा धूर खोऱ्याखोऱ्यांत संध्याकाळभर तरंगत राहतो. घरात चूल असतेच. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, अनेक घरांत सिलिंडर पोहोचला. तरी आंघोळीचे पाणी तापवायला, भाकरी भाजायला ओले सरपण पेटवणे पुष्कळ घरांत सुटलेले नाही. चुलीपुढे बसणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, हे वेगळे सांगायला नको.

अशा परिसरात तीव्र दमा असलेल्या माणसाचा भूगोल इतरांपेक्षा वेगळा असतो. वाडीतून रस्त्यावर येणारी पाखाडी त्याच्या लेखी अमुक पायऱ्यांची नसते. ती तीन थांब्यांची किंवा पाच थांब्यांची असते. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराच्या यात्रेला सारा गाव जातो, तेव्हा डोंगरातल्या गुहेपर्यंतच्या पायऱ्या कोण चढणार आणि खाली कोण थांबणार, हे न बोलता ठरलेले असते. रात्री घर निजते तेव्हा तो ओटीवर वळकटीला टेकून बसलेला असतो. औषध संपत आले आहे काय, उद्या बस मिळेल काय, झटका आवरला नाही तर रत्नागिरीला जायचे की आंबा घाट चढून कोल्हापूरला, याचा हिशेब त्याच्या प्रत्येक बेतामागे असतो. निरोगी माणसाला श्वास आठवत नाही. याला तो विसरता येत नाही. फ्रेंच शल्यविशारद रने लरिश याने आरोग्याची व्याख्या इंद्रियांची निःशब्दता अशी केली होती आणि ज्यॉर्ज कांगिलेम याने १९४३ च्या आपल्या प्रबंधात तिची चिकित्सा केली. त्या व्याख्येच्या उजेडात पाहिले तर दम्याच्या रोग्याचे शरीर अखंड बोलत असते आणि त्यापायी त्याचे स्वतःचे बोलणे मात्र तुटत असते.

या जगण्यात एक लपवणूकही असते. तोंडाने ओढायच्या औषधाला लोक पंप म्हणतात. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, अशी समजूत दृढ आहे. वस्तुतः दररोज ओढावयाचे दाहशामक औषध हेच या रोगाच्या नियंत्रणाचे मुख्य साधन असून त्याच्या अभावी नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या औषधावर विसंबणे धोक्याचे ठरते. तरीही मुलीचे लग्न ठरवताना पंप दडवला जातो. सासरी गेलेली मुलगी न्हाणीघरात जाऊन तो ओढते. धाप लागली तर ती कामाच्या घाईवर ढकलते. तिचे कौतुक होते ते सोशिक म्हणून. या कौतुकाची किंमत काय असते, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३

मराठी भाषेने या अनुभवाची जी व्यवस्था लावली आहे ती पाहण्यासारखी आहे. दमा हा शब्द फारसीतून आला. दम म्हणजे श्वास. संस्कृतातही दम हा शब्द आहे आणि शमदम या जोडीत तो इंद्रियनिग्रह सुचवतो. व्युत्पत्तीने हे दोन शब्द परस्परांचे कोणी लागत नाहीत. पण मराठीच्या वाक्प्रचारांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते. दम लागणे म्हणजे धाप लागणे, दम धरणे म्हणजे धीर धरणे, दमाने घेणे म्हणजे उतावळेपणा न करणे, दम देणे म्हणजे धमकावणे, दम निघणे म्हणजे सहनशक्ती संपणे. श्वास, संयम आणि सत्ता ही तीन क्षेत्रे एका अक्षरजोडीत आली आहेत.

या वाक्प्रचारांची वाक्यरचनाही अर्थपूर्ण आहे. दम लागतो तेव्हा माणूस चतुर्थीत असतो. त्याला दम लागतो. तो कर्ता नसतो, ज्याला काही होते तो असतो. दम धरताना मात्र तो कर्ता होतो. या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रयोग आहे. संगमेश्वराकडच्या बोलीत पाखाडी चढून आलेल्या माणसाला घरातली वडीलधारी बाई म्हणते, ‘वाईच दम खा’. दम खाणे म्हणजे विसावणे. येथे श्वास ही खाण्याची, म्हणजे कोणीतरी वाढण्याची वस्तू होते. हा उद्गार प्रश्न विचारत नाही आणि उत्तराची अपेक्षाही करीत नाही. आलेल्या माणसाचे बोलणे लांबणीवर टाकण्याची मुभा तो त्याला देतो.

व्हर्जिनिया वूल्फने १९२६ मधील आजारपणावरच्या निबंधात इंग्रजी भाषेकडे दुखण्यासाठी शब्द नसल्याची तक्रार केली होती. मराठीची अडचण थोडी निराळी दिसते. येथे शब्द आहेत, आणि त्यांत नीतीही अगोदरच भरलेली आहे. धीर न धरणारा तो दम नसलेला, ही अर्थच्छटा रोग्यावर उलटते. ज्याला शब्दशः दम नाही त्याच्याकडूनच दम धरण्याची अपेक्षा केली जाते. सूझन सॉन्टॅगने १९७८ मध्ये रोगाला रूपकांपासून सोडवण्याचा आग्रह धरला. क्षय आणि कर्करोग यांच्याबाबत तो आग्रह योग्यच होता. पण जेथे रोगाचे नाव आणि सद्गुणाचे नाव एकाच धातूसारखे वापरले जाते तेथे रूपक खरवडून काढता येत नाही. फार तर ते कोणाला लागू करावयाचे, हे बदलता येते.

४

चरकाने रोगांची साध्य आणि असाध्य अशी विभागणी करून असाध्याचे पुन्हा दोन भेद केले : याप्य आणि प्रत्याख्येय. प्रत्याख्येय म्हणजे ज्याची चिकित्सा नाकारावी तो. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, पण पथ्याने आणि औषधाने ज्याच्यासह आयुष्य चालवता येते तो. तमकश्वास नवा असेल तर साध्य, एरवी याप्य, असा निर्णय तेथे आहे. सुश्रुताने याप्य रोग्यावरील उपचाराला कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या आधाराची उपमा दिली आहे. कोकणात अशा आधाराला धिरा म्हणतात. धिरा घराला नवे करीत नाही. घर उभे राहते ते धिऱ्यासह, आणि धिरा काढला की पडते. आजच्या उपचारांनी पुष्कळ दमेकऱ्यांना जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य मिळवून दिले आहे, तरी त्या उपचारांचे स्वरूपही रोज लावावयाच्या धिऱ्याचेच आहे.

याप्य या संकल्पनेचे महत्त्व वैद्यकापुरते नाही. ती कथनाच्या दृष्टीने अडचणीची आहे. आर्थर फ्रँकने १९९५ च्या आपल्या ग्रंथात आजाराच्या कथनांचे तीन साचे सांगितले : पूर्ववत होण्याचे, विस्कळितपणाचे आणि शोधयात्रेचे. पहिल्यात रोगी बरा होतो, दुसऱ्यात कथनच मोडते, तिसऱ्यात रोगी आजारातून काही मिळवून परततो. याप्य जीवन यांपैकी कोठेच पुरते बसत नाही. त्यात बरे होणे नाही, सतत कोसळणेही नाही, आणि गौरवाने परतण्याजोगा प्रवासही नाही. आहे ती पुनरावृत्ती. आज पाखाडी चढली, उद्या पुन्हा चढायची आहे. मराठी कथाकादंबरीत दमेकरी येतो तो बहुधा खोकणारा म्हातारा म्हणून, पार्श्वभूमीवरच्या आवाजासारखा. क्षयाला आपल्या वाङ्मयात कारुण्याचे स्थान मिळाले, कारण क्षयाला शेवट होता. दम्याला रोजचेपणा आहे, आणि रोजचेपणाचे कथानक होत नाही.

ऐकणाऱ्यालाही शेवटाची घाई असते. ‘आता बरे आहे ना’ या प्रश्नाला होकार हवा असतो. रोगी होकार देतो, कारण नकार द्यायला अधिक श्वास लागतो. अशा रीतीने वाक्य पुरे होते, पण ते त्याचे नसते.

५

या संदर्भात गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण टाळता येत नाही. १४ जुलै १८५६ रोजी टेंभू येथे जन्मलेल्या आगरकरांना आयुष्याचा मोठा काळ दम्याने ग्रासले होते आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. ‘केसरी’चे संपादन, डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस, १८८८ मध्ये सुरू केलेला ‘सुधारक’, १८९२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद हा सारा उद्योग त्यांनी या विकारासह केला. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा त्यांचा व्याकरणग्रंथही १८८८ चाच. वाक्य पुरे करताना ज्याला धाप लागत असेल त्या माणसाने वाक्यावर ग्रंथ लिहावा, हा योगायोग समीक्षकाला भुरळ घालणारा आहे. पण मोहाचे क्षण तपासून पाहावेत.

वॉल्टर बेन्यामिनने १९२९ मधील प्रूस्तवरील निबंधात असे प्रतिपादन केले, की प्रूस्तची वाक्यरचना त्याच्या गुदमरण्याच्या भयाचीच लयबद्ध प्रतिकृती आहे. प्रूस्तला लहानपणापासून दमा होता. विधान देखणे आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा घेतली पाहिजे. आगरकरांचीही वाक्ये लांब आहेत. गृहीतक, आक्षेप, त्याचा परिहार आणि निष्कर्ष अशा पायऱ्यांनी ती चढतात. परंतु त्यांचा उगम फुप्फुसात शोधण्याची गरज नाही. मिल आणि स्पेन्सर यांचे वाचन, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी घडवलेले निबंधगद्य आणि युक्तिवादाची शिस्त एवढ्याने त्यांचा उलगडा होतो. शिवाय लांब वाक्य आढळले तर ती गुदमरण्याची प्रतिकृती आणि तोकडे आढळले तर तो अपुरा श्वास, असे दोन्हीकडून म्हणता येत असेल, तर त्या म्हणण्याने काहीच सिद्ध होत नाही. रोगावरून शैली वाचणारी समीक्षा लेखकाचे वाक्य त्याच्या छातीवर कान ठेवून स्वतःच पुरे करीत असते.

आगरकरांच्या बाबतीत हे पुरे करणे दोन्ही बाजूंनी घडले. त्यांच्या सनातनी विरोधकांनी ते हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली, म्हणजे जिवंत माणसाच्या पुढे पूर्णविराम ठेवला. पुढील काळातील चाहत्यांनी व्याधीशी झुंजणारा तेजस्वी पुरुष अशी मूर्ती घडवली. या मूर्तीत दम्याचे काम एकच : तेज उजळून दाखवण्यासाठी पाठीमागचा अंधार पुरवणे. रात्री बसून काढलेले तास, सकाळी वर्गावर जाण्याआधी करावा लागणारा श्वासाचा हिशेब, घरातल्या माणसांची जागरणे या रोजच्या गोष्टी तिच्यात मावत नाहीत.

‘सुधारका’च्या ब्रीदात मात्र या चर्चेला उपयोगी पडणारा एक भेद आहे. बोलण्याचे प्रमाण तेथे इष्ट हे मानले आहे, करण्याचे प्रमाण साध्य हे. ही दोन मापे वेगळी ठेवण्यात मोठी नैतिक सूक्ष्मता आहे. आजार साध्याची कक्षा आखडतो. इष्टाची कक्षा आखडण्याचा अधिकार त्यामुळे कोणालाही मिळत नाही. दमेकऱ्याला डोंगर चढता येत नाही हे खरे असले तरी त्याला डोंगर चढावासा वाटत नाही, असे त्याच्या वतीने ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे. घरातली प्रेमळ माणसे हे नित्य करीत असतात. ‘तिला कशाला त्रास’ या वाक्यात साध्य आणि इष्ट यांची गल्लत होते. त्रास वाचतो, पण तिची इच्छाही मोजणीतून गळते.

६

येथे एक आक्षेप संभवतो. वाक्य तुटल्यावर नुसते थांबून राहणे हे नेहमीच नैतिक कसे? तीव्र झटक्यात थांबणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. हा आक्षेप मान्य केला पाहिजे, कारण दम्याच्या निदानातच त्याचे उत्तर आहे. झटक्यात छातीत सूंसूं आवाज येत असतो. तो आवाज एकाएकी थांबला तर अननुभवी माणसाला वाटते, की रोग्याला उतार पडला. वैद्यकाच्या भाषेत या अवस्थेला मूक छाती म्हणतात आणि ती अत्यंत धोक्याची खूण आहे. हवा आतबाहेर जाणे इतके मंदावलेले असते, की आवाज व्हायलाही ती पुरत नाही.

म्हणजे शांतता दोन प्रकारच्या आहेत. एक वाक्यातल्या विरामाची. तिच्यापुढे ऐकणाऱ्याने दम धरावा, शब्द पुरवू नये, नजर घड्याळाकडे नेऊ नये. दुसरी मूक छातीची. तिच्यापुढे क्षणभरही थांबू नये, रोग्याच्या वतीने बोलावे, गाडी मागवावी, डॉक्टरला हाक मारावी. दुसऱ्याच्या वतीने बोलणे सर्वस्वी वर्ज्य नाही. ते केव्हा कर्तव्य आणि केव्हा अतिक्रमण, हे ओळखण्यात विवेक आहे. आणि तो विवेक नियम पाठ करून येत नाही. या माणसाचे एरवीचे बोलणे कसे तुटते, याची ओळख ज्याने दम धरून करून घेतली आहे त्यालाच आजची शांतता निराळी आहे, हे कळते.

या भेदाच्या प्रकाशात सोशिकपणाच्या कौतुकाकडे पुन्हा पाहावे. सोशिक म्हणून गौरवलेली सून बोलत नाही, तेव्हा घर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ उतार असा लावते. अनेकदा ती सामाजिक अर्थाने मूक छातीच असते. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या कापडगिरण्यांत गेलेल्या पुरुषांच्या वाट्यालाही असेच काही आले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगात आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. हा रोग कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून समाविष्ट झाला होता. पण तो जुनाट झाला की इतर कारणांनी होणाऱ्या धापेपासून निराळा ओळखणे अवघड जाते, आणि ‘ही तर बिडीची धाप’ असे म्हणून कामगाराचे वाक्य दुसऱ्या कोणाला पुरे करता येते. एलेन स्कॅरीने १९८५ मध्ये दाखवून दिले, की ज्याला वेदना होते त्याच्यासाठी ती निश्चितीचा नमुना असते आणि ऐकणाऱ्यासाठी संशयाचा. मिरांडा फ्रिकरने २००७ मध्ये साक्षीदाराच्या शब्दाला त्याच्या सामाजिक स्थानामुळे कमी किंमत देण्याला ज्ञानविषयक अन्याय म्हटले आणि हॅवी कॅरेल हिने, स्वतःच्या दुर्धर श्वसनविकाराच्या अनुभवातून, हा विचार रोग्यांच्या बाबतीत पुढे नेला. चुलीपुढची स्त्री आणि गिरणीतला पुरुष यांच्या बाबतीत संशय आधीच तयार असतो. श्वास तोकडा असल्यामुळे तो दूर करण्याइतके लांब वाक्य त्यांना बोलता येत नाही.

म्हणून दम धरण्याचे कर्तव्य रोग्याकडून ऐकणाऱ्याकडे वळवले पाहिजे. ज्याच्याजवळ श्वास आहे त्याने धीर धरावा, हेच न्याय्य आहे. याप्य जीवनाला लागणारा धिरा औषधाचा असतो, कोरड्या भिंतीचा आणि धूर नसलेल्या स्वयंपाकघराचा असतो, वेळेवर मिळणाऱ्या गाडीचा असतो. त्याबरोबर तो ऐकण्याचाही असतो. सोशिकपणाची स्तुती या धिऱ्याची जागा घेऊ शकत नाही, कारण स्तुतीने घर सावरत नाही.

समीक्षेपुरते बोलायचे तर लेखकाच्या मौनाचा, तुटलेल्या वाक्याचा, अपुऱ्या संहितेचा अर्थ लावणे हे तिचे कामच आहे. तो अर्थ लावताना विराम कोठे आहे आणि मूक छाती कोठे आहे, हे तिने आधी विचारावे. ज्यांना बोलूच दिले गेले नाही त्यांच्या वतीने बोलणे तिला प्राप्तच आहे. जो बोलत आहे, पण थांबत थांबत, त्याच्यापुढे तिने त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखे वागावे. पाखाडी चढून आलेला माणूस ओटीवर टेकला आहे, काही सांगायला आला आहे. ‘वाईच दम खा’ म्हणून ती पाण्याचा तांब्या पुढे ठेवते, आणि तो बोलू लागेपर्यंत स्वतः काही बोलत नाही.